म्हशीने अडवलेली रजा

तुंगा हेब्बार यांना ऑफिसात सगळे तुंगक्का म्हणत. वय सेहेचाळीस. माहेर तीर्थहळ्ळीचं, आणि लग्न होऊन बंगळूरच्या हनुमंतनगरात आल्याला बावीस वर्षं झालेली. त्यांची कंपनी गावोगावच्या दूध डेअऱ्यांच्या मशीनमधली अक्कल तयार करायची. लोखंड दुसरीकडे, अक्कल इथे, जयनगरातल्या तीन मजली इमारतीत. शेतकऱ्याने कॅन ओतला की मशीनने दूध मोजायचं, चरबी तपासायची, पडद्यावर गाईचं किंवा म्हशीचं चित्र दाखवायचं आणि पावती छापायची. एवढ्याशा कामासाठी आठ टीम होत्या.

तुंगक्का आधी मशीनची चाचणी करत. पुढे चाचणीचं काम आपोआप व्हायला लागलं तेव्हा त्यांच्याबरोबरच्या तिघांना घरी पाठवलं. चौथी पाळी तुंगक्कांची होती, पण त्यांना सांगायच्या आदल्या दिवशी सांगणारा मॅनेजरच दुसऱ्या कंपनीत निघून गेला. नव्या मॅनेजरला वाटलं, या बाई काहीतरी महत्त्वाचं करत असणार, नाहीतर राहिल्या कशा. त्याने विचारलं, "तुम्ही नक्की काय बघता?" तुंगक्का खरं तेच बोलल्या. म्हणाल्या, "सध्या मी सगळ्यांची तिकिटं वाचते."

तिकीट म्हणजे कामाची चिठ्ठी. कुठे काही बिघडलं, कुणाला काही हवं असलं, की कॉम्प्युटरवर एक तिकीट तयार व्हायचं आणि ते ज्या त्या टीमच्या बोर्डावर जाऊन बसायचं. प्रत्येक टीमचा बोर्ड वेगळा आणि दुसऱ्याच्या बोर्डाकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. तुंगक्का सकाळी डब्यातला उप्पिट्टू खात सगळे बोर्ड वाचत, तेही कुणी न सांगता. माहेरी लग्नकार्यात कुणाची कोण हे शेवटी त्यांनाच विचारायची पद्धत होती, तोच गुण इथे उपयोगाला आला. नव्या मॅनेजरने, म्हणजे निश्चल गौडाने, त्यांना तेच काम देऊन टाकलं. दोन टीमची तिकिटं एकाच गोष्टीबद्दल असली तर ती एकमेकांना जोडायची. सॉफ्टवेअरमध्ये त्याला लिंक म्हणत. लिंक दोन प्रकारची असे. एक 'संबंधित' आणि दुसरी 'अडलेलं', म्हणजे ते झाल्याशिवाय हे होणार नाही.

पहिल्याच महिन्यात त्यांना म्हैस सापडली.

मदतकेंद्राच्या बोर्डावर चौदा महिन्यांपूर्वीचं एक तिकीट होतं, नंबर १४०८. त्यात लिहिलं होतं, 'मावत्तकेरे डेअरीचे सेक्रेटरी रागावले आहेत. कारण म्हैस.' हिशोबाच्या टीमकडे होतं, 'गाईच्या दुधात साडेसात टक्के चरबी. अशक्य.' चित्रांच्या टीमकडे होतं, 'गिऱ्हाईक म्हणतं शिंगं चुकीची.' छपाईच्या टीमकडे होतं, 'पावतीवर ए ऐवजी ह.' मशीन बसवणाऱ्यांकडे होतं, 'मशीन दोनदा बदलून दिलं. राग तसाच.' हिशोबवाले चौदा महिने गाईवर विचार करत होते. चित्रवाल्यांनी शिंगं तीनदा बदलली होती. छपाईवाले अक्षर तपासून थकले होते, कारण कन्नडात गाईला हसु म्हणतात आणि म्हशीला एम्मे, आणि ह आणि ए दोन्ही अक्षरं मशीन उत्तम छापत होतं.

तुंगक्कांनी पाची तिकिटं उघडून समोरासमोर ठेवली आणि त्यांना हसूच आलं. मावत्तकेरेतलं मशीन कुणाच्या तरी म्हशीला गाय म्हणत होतं, एवढीच गोष्ट होती. त्यांनी बाकीची चार तिकिटं १४०८ ला जोडली आणि चहाला गेल्या.

परत आल्या तर निश्चल त्यांच्या खुर्चीपाशी उभा. एकतीस वर्षांचा, सडसडीत, बोलताना दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढणारा मुलगा. पाच टीम एका म्हशीपाशी येऊन भेटतात हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं. त्याने तो नकाशा वरिष्ठांना दाखवला आणि वरिष्ठही हरखले. म्हैस सोडवायची कुणाला आठवण झाली नाही. पुढच्या सोमवारी फर्मान निघालं की यापुढे प्रत्येकाने आठवड्याला पंधरा लिंक करायच्या. 'संबंधित'ला एक गुण, 'अडलेलं'ला दोन.

तुंगक्का निश्चलकडे गेल्या आणि त्यांनी त्याला समजावून पाहिलं, की बाबा, नातं असेल तर जोडायचं, नसेल तर कुठून आणणार? निश्चलने हवेत चौकोन काढला आणि म्हणाला, "तुंगा मॅम, नातं असतंच. फक्त दिसत नसतं."

मग ते दिसायला लागलं. तिसऱ्या मजल्यावरचा एसी गळत होता. त्याचं तिकीट मशीनची मेमरी गळते या तिकिटाला जोडलं गेलं. पडद्यावरची एक खिडकी बंद होत नव्हती, ती बाथरूमच्या बंद न होणाऱ्या खिडकीला जोडली गेली. कॅन्टीनमधलं सांबार पातळ असल्याची तक्रार दुधातलं पाणी ओळखण्याच्या कामाशी जोडली, आणि ती जोडणाऱ्याला महिन्याचा गौरव मिळाला. दोन गुणांच्या मोहाने जो तो 'अडलेलं' वापरू लागला. आणि शुक्रवारी संध्याकाळी कुणाचे दोन-चार गुण कमी पडले तर कशाला जोडायचं हेही ठरून गेलं होतं. म्हशीचा नंबर सगळ्यांना पाठ होता. १४०८ टाकलं की काम झालं. चार महिन्यांत कंपनीची निम्मी कामं मावत्तकेरेच्या म्हशीपाशी अडून उभी राहिली. त्यात नव्या मशीनचं काम होतं, वार्षिक स्नेहसंमेलन होतं, आणि जमाखर्च विभागातल्या आनंदतीर्थ नावाच्या माणसाचा राजीनामाही होता. तो गृहस्थ निरोपाचा हार घालून घेऊन झाल्यावरही रोज कामावर येत होता, कारण सॉफ्टवेअर त्याला सोडत नव्हतं.

हे सगळं तुंगक्का बघत होत्या, पण स्वतःवर येईपर्यंत माणूस गप्प बसतो, तशा त्याही बसल्या.

त्यांच्यावर आलं ते धाकट्या बहिणीमुळे. बहिणीचं नाव भद्रा. थोरलीचं तुंगा ठेवल्यावर त्या भागात धाकटीचं दुसरं काय ठेवणार? भद्रा चव्वेचाळीस वर्षांची होती, तीर्थहळ्ळीच्या शाळेत गणित शिकवायची, आणि लग्न करणार नाही असं तिने वीस वर्षं ज्याला त्याला बजावलं होतं. आता तिने अचानक कळवलं की कोप्प्याच्या एका जनावरांच्या डॉक्टरांशी तिचं ठरलं आहे आणि लग्न येत्या गुरुवारी. गाजावाजा नको, पण अक्का हवी. तुंगक्कांनी पाच दिवसांच्या रजेचा अर्ज टाकला. रजाही त्याच सॉफ्टवेअरमध्ये टाकायची असे, तिचंही तिकीट व्हायचं.

शुक्रवारी सकाळी उत्तर आलं. 'आपली रजा १४०८ मुळे अडलेली आहे.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग हिशोबाच्या टीममधल्या पूवय्याकडे गेल्या. पूवय्या कोडगूचा, उंच, मनाने भाबडा. त्यांना येताना बघूनच त्याने खुर्ची मागे सरकवली.

"अक्का, मला दोन गुण कमी पडत होते," तो म्हणाला. "मला वाटलं, म्हशीचं सगळं तुम्हीच बघता. म्हैस सुटल्याशिवाय तुम्ही कशा जाल? म्हणजे लिंक अगदीच खोटी नव्हती."

"मग सोडव आता."

तेच जमत नव्हतं. लिंक तोडायला दोन्ही तिकिटांच्या मालकांची संमती लागे. रजेचा मालक मनुष्यबळ विभाग आणि म्हशीच्या मालक पाच टीम. पूवय्याने लिंक तोडण्याची विनंती केली, तर त्या विनंतीचंच तिकीट झालं आणि अर्ध्या तासात तेही कुणीतरी १४०८ ला जोडून दोन गुण मिळवले. तुंगक्का निश्चलकडे गेल्या. त्याचा चेहरा खरोखर पडला होता, कारण त्याच दिवशी त्याला कळलं होतं की नवं मशीनसुद्धा बाहेर पडू शकत नाही. पण लिंक तोडायला तो तयार होईना. एकूण एकोणीस हजार लिंक झाल्याचं त्याने वर कळवलं होतं, आता आकडा खाली कसा आणायचा? तो म्हणाला, म्हैस सोडवणं हाच खरा मार्ग आहे. म्हशीकडे जायचं तर प्रवासाची परवानगी लागेल, तिचं तिकीट काढा.

प्रवासाची परवानगी कशाला अडली असेल हे तुंगक्कांनी विचारलं नाही.

दुपारी त्यांनी भद्राला फोन केला. म्हणाल्या, यायला जमतंय का बघते.

"बघते म्हणजे?" भद्रा म्हणाली. "तुला कुणी अडवलंय?"

"एका म्हशीने."

मग भद्रा म्हणाली, "अक्का, मी चव्वेचाळीसाव्या वर्षी लग्न करतेय म्हणून गावातल्या बायका मला काय काय बोलल्या. पण तुझ्यासारखं कारण कुणी काढलं नव्हतं. यायचं नसेल तर सरळ सांग."

आणि तिने फोन ठेवला. भद्रा रागावली की फोन आपटत नसे, हळूच ठेवत असे. ते जास्त लागायचं. तुंगक्का डबा धुवायला गेल्या आणि नळ सोडून नुसत्याच उभ्या राहिल्या. छपाईच्या टीममधली मुबीना तिथे आली, तिने नळ बंद केला आणि काय झालं विचारलं. ऐकून घेतल्यावर ती म्हणाली की रविवारी कुणाच्याच परवानगीचं तिकीट लागत नाही. पूवय्याकडे गाडी आहे आणि तो नाही म्हणायच्या परिस्थितीत नाही.

रविवारी सकाळी तिघं तुमकूर रस्त्याला लागले. क्यातसंद्रला थांबून ताटलीएवढी तट्टे इडली खाल्ली, पूवय्याने अपराधीपणाने सगळ्यांची प्लेट स्वतः आणून दिली, आणि अकराच्या सुमाराला ते मावत्तकेरेच्या डेअरीसमोर उतरले. सेक्रेटरी मुद्दय्या पायरीवर पेपर वाचत बसले होते. साठीचे, पांढरा शर्ट, कॉलरला आतून रुमाल. मशीनवर त्यांनी स्वच्छ धुतलेला टॉवेल घातला होता. बंगळूरहून माणसं आल्याचं कळल्यावर त्यांनी पेपर नीट घडी करून ठेवला आणि विचारलं, "मशीन बदलायला आलात का शिंगं बदलायला?"

तुंगक्का म्हणाल्या, "काही बदलायला नाही, अण्णा. तुमची म्हैस बघायला आलोय."

मुद्दय्या त्यांच्याकडे बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "म्हैस नाही, अम्मा. विकली. आठ महिने झाले."

आत टॉवेलखाली मशीनचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

मग मुद्दय्यांनी सगळं सांगितलं. गावात म्हैस एकच होती, त्यांची. बाकी सगळ्यांच्या संकरित गाई. मशीन बसलं त्या दिवसापासून त्यांच्या पावतीवर ह यायचा आणि पडद्यावर गाय. लोक आधी हसले, मग पोरंसोरं म्हशीला 'ए गाय, बाजूला हो' म्हणायला लागली. देवळापाशी कुणीतरी तिच्या कपाळाला कुंकू लावून नमस्कारही केला. सेक्रेटरीचीच म्हैस, सेक्रेटरीचंच मशीन, बोलणार कुणाला? चौदा वेळा फोन केला. शेवटी वैतागून तिला शेजारच्या वाडीतल्या बोरय्याला देऊन टाकली.

"आणि तेही मी फोन करून कळवलं होतं," मुद्दय्या म्हणाले. "म्हटलं, म्हैस विकली, आता त्रास घेऊ नका."

मुबीनाने फोनवर शोधलं. सापडलं. त्या फोनचं तिकीट गेलं होतं विक्रीच्या टीमकडे, कारण त्यात 'विकली' हा शब्द होता. शीर्षक होतं, 'मावत्तकेरे: म्हैस विकली.' खाली शेरा, 'अभिनंदनाचा फोन करणे.' आठ महिने ते तिथेच पडून होतं.

तुंगक्कांचे कान तापले. त्या रोज सगळे बोर्ड वाचत, पण विक्रीच्या बोर्डावर सणांच्या शुभेच्छांखेरीज काही नसतं म्हणून तो एक सोडून देत. पाच तिकिटं जोडली आणि सहावं, सगळं मिटवणारं, तेवढं राहिलं. एकोणीस हजार लिंक झाल्या, पण सगळ्यांत गरजेची ही एक कुणीच केली नव्हती, त्यांनीही नाही. त्यांनी मुद्दय्यांना सरळ हात जोडले आणि चूक आपली म्हणून सांगितलं. मुद्दय्या गडबडले. चौदा फोनांत त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. ते उठले आणि घरात जाऊन तिघांच्या जेवणाचं सांगून आले.

पण तिकीट काही सुटत नव्हतं. १४०८ बंद करायची अट तुंगक्कांनीच मागे घातली होती. त्याच गावच्या त्याच मशीनवर म्हशीची बरोबर पावती निघाली पाहिजे, आणि त्या पावतीचा फोटो लावला पाहिजे. गावात म्हैस नव्हती. पूवय्या हळूच म्हणाला की फोटो कशाचाही लावता येईल. तुंगक्कांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

नाचणीची मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, आणि पातळ सारू जेवून झाल्यावर चौघं बोरय्याच्या वाडीला गेले. मुद्दय्या नको नको म्हणत गाडीत पुढच्या सीटवर बसले. म्हैस गोठ्याबाहेर चिंचेखाली बांधलेली होती. मुद्दय्या लांबच थांबले, पण तिने मान वळवली आणि दावं ताणून त्यांच्या दिशेने दोन पावलं टाकली. मुद्दय्यांनी कॉलरचा रुमाल काढून उगाच मानेचा घाम पुसला. बोरय्या भला माणूस. संध्याकाळच्या धारेचं दूध न्या म्हणाला, फक्त ह्या बायका शहरातून म्हशीमागे का आल्या ते मला कुणीतरी सांगा. मुबीनाने सांगायचा प्रयत्न केला. सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, "म्हणजे तुमच्या बहिणीचं लग्न आमच्या म्हशीमुळे अडलंय?" आणि बायकोला बोलावून तिलाही ऐकवायला लावलं.

पाच वाजता डेअरीत रांग लागली तेव्हा निम्मं गाव गोळा झालं होतं. मुद्दय्यांनी टॉवेल काढला, आपला सतरा नंबर दाबला आणि बोरय्याच्या कॅनमधलं दूध ओतलं. पडद्यावर गाय आली. पावतीवर ह. लोक हसले, पण पूवय्याने टाळीच वाजवली, कारण इतके महिने नुसतं ऐकलेलं त्याने आज डोळ्यांनी पाहिलं होतं. चरबी साडेसात. तो मशीनला आपला लॅपटॉप लावून बसला आणि सभासदांची यादी उघडली. सतरा नंबरसमोर 'जनावर' या रकान्यात लिहिलेलं होतं, 'हौदु'.

हौदु म्हणजे हो.

"हे कुणी भरलं?" पूवय्याने विचारलं.

"मी," मुद्दय्या म्हणाले. "फॉर्मवर विचारलं होतं, जनावर. मी लिहिलं, हो. आहे. खोटं कशाला लिहू?"

बाकीच्यांनी हसु लिहिलं होतं. मशीन फक्त पहिलं अक्षर बघत होतं. ह दिसला की गाय. हिशोब बरोबर होता, शिंगं बरोबर होती, छपाई बरोबर होती, आणि मुद्दय्याही खरंच बोलले होते. मुबीनाने तो शब्द पुसून एम्मे लिहिलं. दूध पुन्हा ओतलं. पडद्यावर काळी, वाकड्या शिंगांची म्हैस उभी राहिली आणि पावती बाहेर आली. मुद्दय्यांनी ती डोळ्यांपासून लांब धरून वाचली. मग मागे उभ्या असलेल्या लोकांकडे वळून एकेकाला दाखवली, आणि शेवटी खिशात ठेवली. फोटोसाठी ती परत मागून घ्यावी लागली.

तुंगक्कांनी तिथेच, डेअरीच्या पायरीवर उभं राहून १४०८ बंद केलं.

सोमवारी सकाळी कंपनीत काय झालं ते त्यांना सविस्तर कळलं. कामाची वेळ सुरू होताच म्हशीमागची तिकिटं आपोआप सुटत गेली, सुटलं म्हणजे झालं असं सॉफ्टवेअरने धरलं, आणि अकरा मिनिटांत तीन हजार कामं पूर्ण झाल्याची नोंद झाली. गळणारा एसी गळता गळता दुरुस्त ठरला. सांबार घट्ट झाल्याबद्दल कॅन्टीनच्या आचाऱ्याला अभिनंदनाचं पत्र गेलं, ते त्याने फ्रेम करून लावलं. स्नेहसंमेलन होऊन गेल्याचं सगळ्यांना कळवण्यात आलं. आनंदतीर्थांचा राजीनामा मंजूर झाला, तेव्हा ते बेरीज करत होते. ती पुरी करून ते उठले आणि कुणाला न सांगता घरी गेले. तुंगक्कांची रजाही मंजूर झाली.

मंगळवारी त्या बसने तीर्थहळ्ळीला पोचल्या. भद्रा दारातच होती. पिशवी घ्यायला तिने हात पुढे केला नाही. तुंगक्कांनी रविवारची सगळी हकीकत सांगायला सुरुवात केली, आणि 'हौदु'पर्यंत आल्या तेव्हा माजघरात बसलेले होणारे नवरदेव, म्हणजे ते जनावरांचे डॉक्टर, इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. ते म्हणाले, सरकारी फॉर्मवर 'सही' या रकान्यात 'येते' असं कुणीतरी लिहिलेलं त्यांनी स्वतः वाचलं आहे. भद्राने होणाऱ्या नवऱ्याकडे बघितलं, मग बहिणीकडे.

"म्हणजे खरंच म्हैस होती," ती म्हणाली, आणि अक्काच्या हातातली पिशवी घेतली.

लग्न नदीकाठच्या छोट्या देवळात झालं. पन्नास माणसं, केळीच्या पानावर जेवण, गाजावाजा नाही. तुंगक्का पाच दिवस राहिल्या.

परतल्यावर निश्चलने त्यांना बोलावून घेतलं. वरिष्ठांनी तीन हजार कामांबद्दल त्याची पाठ थोपटली होती, आणि त्यांतली बहुतेक झालेलीच नाहीत हे हळूहळू बाहेर यायला लागल्यावर तो धास्तावला होता. त्याने विचारलं, आता काय करायचं. हातांनी चौकोन काढला नाही. तुंगक्का म्हणाल्या, गुण बंद करा, आणि लिंक करणाऱ्याला एक ओळ लिहायला लावा. हे दोन एकमेकांचे कोण, ते सांगा. नुसती एक ओळ.

तसं केलं. एकोणीस हजारांच्या दोनशे बारा उरल्या. लोकांनी सुरुवातीला कुरकुर केली, कारण एक ओळ लिहायची तर दोन्ही तिकिटं वाचावी लागत, आणि कधी कधी उठून दुसऱ्या टीमच्या माणसाला विचारावं लागे.

तुंगक्का आता सकाळी उप्पिट्टू खाताना त्या ओळी वाचतात, विक्रीच्या बोर्डापासून सुरुवात करून. बहुतेक रूक्ष असतात. 'दोन्हींत तेच मशीन.' 'हे झालं की ते होईल.' पण मागच्या आठवड्यात एक वेगळी होती. पडद्याच्या एका तिकिटाला छपाईचं एक जुनं तिकीट जोडलेलं आणि खाली पूवय्याने लिहिलेलं, 'ही दोन्ही माझ्याच हातून बिघडलेली आहेत, कुणाला अजून कळलेलं नाही, आज सांगतो.' तुंगक्कांनी चमचा डब्यात ठेवला, ती ओळ पुन्हा एकदा वाचली, आणि पूवय्या आला का ते बघायला उठल्या.